अल्पोपहार झाला

मस्कत, शुक्रवार

आणि मामा, फोन आपटला म्हणजे वाद संपला असं होत नाही. (मोबाइल आपटता येत नाही, तरी तुम्ही आपटलात. मला आवाज आला.) तुम्ही म्हणता पुस्तक छापायला चाललंय, आता काना-मात्रा बदलणार नाही. मी म्हणतो, बदला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे कागदावर. आपल्या शेजारचा जेन्सन इथून सुट्टीवर गावी येतोय, तो पत्र हातात देईल आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहील. तसं त्याला बजावलंय.

नमस्कार राहिला. तीर्थरूप रामनाथमामांच्या पायांशी सुरजचा साष्टांग. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? (आई म्हणते, क्लबच्या मीटिंगला गेलात की वाढते.) मी ठीक. ही तिसरी नोकरी, परांची बांधायची. मुकादमाशी अजून भांडण नाही, कारण त्याला माझी भाषा कळत नाही.

तर तुमचा इतिहास. 'सेवेची पंचवीस वर्षे', गास परिसर सेवा क्लब, लेखक तुम्ही, चिटणीस. मी आठवी नापास माणूस, तरी तुम्ही पाठवलेल्या प्रुफाची अठ्ठेचाळीस पानं दोनदा वाचली. (शाळेत एवढं वाचलं असतं तर आज तुमच्यासारखा स्टेजवर बसलो असतो.) तळ्यातलं केंदाळ काढलं, ते सदस्यांनी 'श्रमदान केले'. चष्मे वाटले, 'नेत्रतपासणी केली'. बाटल्या भरल्या, 'रक्तदान केले'. सगळं कोणी ना कोणी केलंय, नावानिशी. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी तीच एक ओळ, 'त्यानंतर अल्पोपहार झाला.' झाला? मामा, उशीर होतो, सर्दी होते, पाऊस होतो. पोहे कसे होतात? एकोणीस ठिकाणी मोजला तो 'झाला'. एकोणीस वेळा पहाटे उठून कांदा चिरला तो माझ्या आईने, म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीने, आणि पुस्तकात तिचं नाव एकदाही नाही. अध्यक्ष हर्षवर्धनसाहेबांचं एकेचाळीस वेळा आहे.

पहिलं रक्तदान शिबिर तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. तुम्ही रक्तदात्यांना दोन-दोन बिस्किटं दिलीत आणि दिवसभरात तीन बाटल्या जमल्या, त्यातली एक तुमची, तीही अर्धी, कारण तुम्ही घेरी येऊन पडलात. पुढच्या वर्षी आईचे कांदेपोहे होते. एक्क्याऐंशी बाटल्या! चंदनसारहून माणसं रिक्षा करून आली. पुस्तकात काय लिहिलंत? 'सदस्यांच्या अथक जनजागृतीमुळे.' त्या जनजागृतीवर खोबरं आणि कोथिंबीर पण होती, तेवढं तरी लिहायचं.

आणि ते होडीचं पान! ज्या साली गासात कमरेएवढं पाणी आलं, त्या साली तुम्हाला नौका-पथकाची हुक्की आली. पाचूबंदरहून लेस्टरची होडी टेम्पोवर घालून आणलीत, आणि ती अडकली कुठे, तर अध्यक्षांच्या वाढदिवसाला क्लबनेच उभारलेल्या कमानीखाली. कमान कापायची की होडी, यावर रस्त्यातच मीटिंग भरली. (ठराव झाला, अनुमोदन झालं, सगळे भिजत होते.) कमान कापून आत येईस्तोवर पाणी घोट्यावर. मग फोटोसाठी होडी तुमच्याच भातखाचरात उतरवली, अध्यक्ष छत्री धरून आत बसले, आणि ती चालेना म्हणून आम्ही चार पोरांनी ढकलली. चौदाव्या पानावर 'जिवाची पर्वा न करता' लिहिलंय, त्या फोटोतले डावीकडचे गुडघे माझे. होडी पुढे बारा दिवस तिथेच रुतून राहिली. लेस्टर रोज यायचा, आधी होडीकडे बघायचा, मग तुमच्याकडे. "माझी होडी काय भात लावायला आनली रे तुम्ही?"

पुराच्या त्याच तीन दिवसांत आई शाळेच्या माळ्यावर बासष्ट माणसांची खिचडी रांधत होती. सिलिंडर तिने डोक्यावरून नेला. होडीतून उतरून तुम्ही आणि अध्यक्ष सगळ्यांत आधी तिथेच पोचलात, दोनदा वाढून घेतलंत. पुस्तकात होडीला पूर्ण पान, आणि खाली 'पूरग्रस्तांचे भोजन झाले.'

इथे खोलीत आम्ही आठ जण राहतो. शुक्रवारचा स्वयंपाक माझ्याकडे. पहिल्या शुक्रवारी पलंगावर पडून दोन तास वाट पाहिली, अल्पोपहार काही झाला नाही.

तुम्ही म्हणालात, ताईलाच नाव नको आहे. म्हणून मीही तिला विचारलं. म्हणाली, "नाव कशाला? कुनी उपाशी गेलं नाय, बस." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पन फोटोत मी हाय का रे? मागंबिगं?" मी पुन्हा सगळं पुस्तक बघितलं. बाविसाव्या पानावर उजव्या कडेला चहाचा पेला धरलेला एक हात आहे. बाकीची आई कापलीत. मी तिला म्हटलं, बघतो.

आता तुम्ही बघा.

तुमचा भाचा,
सुरज

ता. क. परदेशस्थ हितचिंतक म्हणून तुम्ही मागितलेली देणगी देणार नाही म्हणालो होतो. अजून तेच म्हणतो. पण शेवटी जाहिरातींचे दर छापलेत: पाव पान दीड हजार, अर्धं अडीच, पूर्ण पाच. मजकूर क्लब बदलणार नाही, असंही तुम्हीच छापलंय. तर माझी जाहिरात घ्या: 'या पुस्तकातील सर्व पोहे, उपमा, खिचडी व चहा सौ. मीरा भोईर यांनी केला.' (केला की केले, ते तुम्ही बघा, लेखक तुम्ही.) आईचा फोटो जेन्सन घरी जाऊन काढेल. तिला आधी सांगू नका, नाहीतर त्याला जेवायला घालायच्या नादात फोटो राहील.

ता. क. २. पाव पानाचे पैसे पाकिटात घातले होते. पण आत्ताच जेन्सनच्या आईचा, रेजिनामावशीचा फोन आला. जेन्सनने तिला फोटोचं सांगितलं होतं, आणि तिच्या पोटात काही राहत नाही, तिने आईला सांगून टाकलं. आईने कोणालाही काही न बोलता लग्नातली हिरवी साडी इस्त्रीला टाकली आहे. पाव पानात साडी दिसणार नाही, मामा. पूर्ण पान घ्या, रंगीत. पाकिटात रुपये पाच हजार.