आडवी नळी

परभणी, मे १९९३, गुरुवार

इतिहासासाठी नोंद: प्रयोगशाळेत सांडलेल्या डांबरात माझी उजवी चप्पल चिकटली आणि मोठ्या साहेबांसमोर मी एका पायानं अनवाणी चाललो. शासनानं चौकशी समिती नेमावी.

बोचतंय ते वेगळंच. रबर मिसळलेलं डांबर साठवणीत दुधासारखं फाटून रबर वर, डांबर खाली असं होतं का, हे बघायला त्याची नळी दोन दिवस गरम ओव्हनमध्ये उभी ठेवतात. मग वरचा आणि खालचा तुकडा तपासायचा. दोन्ही सारखे, तर माल पास. आज सारखे निघाले. मी खूश. तेवढ्यात आमचे मदतनीस चांदचाचा म्हणाले, "साहेब, ओव्हन उघडला तवा नळी आडवी पडली व्हती. आडवं पडल्यावर वर काय अन् खाली काय?"

"चाचा, तुम्ही ओव्हन पुसा, तत्त्वज्ञान मी बघतो," मी म्हणालो. सगळे हसले. चाचाही, जरासे. मी अहवालावर सही ठोकली.

घरी आलो, तरी कानात तेच. वर काय अन् खाली काय? पिंपं उद्या जिंतूर रस्त्यावर जाणार. उन्हात डांबर पाघळून कुणाची मोटारसायकल घसरली तर? की मला रस्त्यापेक्षा चाचांचं ते हसणंच छळतंय?

चहा तसाच सोडून परत प्रयोगशाळेत गेलो. चाचा कुलूप लावत होते. त्यांच्यासमोर सही खोडली, शेरा लिहून वाचून दाखवला: "नळी आडवी होती. चाचणी रद्द. चूक चांदचाचांनी दाखवली, मी ऐकली नाही."

"पुरं नाव लिवा की साहेब."

बारा वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. आज विचारलं आणि लिहिलं: शेख चाँदपाशा.