आठशे मीटरवाले सर

सर, हा शब्द तुम्हाला आईने दिला. आमच्या फेराइनमधली, म्हणजे कोलोनच्या त्या खेळाच्या क्लबातली बाकी मुलं तुम्हाला नावाने हाक मारायची. आई म्हणाली, "शिकवणाऱ्याला नावाने हाक मारायची नाही," आणि घानाहून आलेले, आठशे मीटर धावायला शिकवणारे तुम्ही माझ्यापुरते सर झालात. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

एका रविवारी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसला आहात. आईने पिठलं-भाकरी केलीय, तुम्ही न विचारता हाताने जेवताय, आईला त्याचंच कौतुक. बाबांनी विचारलं, "तुम्ही ऑलिम्पिकला गेला होतात ना? मग काय झालं?" तुम्ही सांगितलंत, तिथे पोचलो होतो, नंबर मिळाला होता, शर्टाला लावूनही पाहिला होता. मग मॅनेजरने दार वाजवलं: सामान भरा, आफ्रिकेतल्या देशांनी बहिष्कार घातलाय, आपला देशही माघार घेतोय. तुम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे. चार वर्षांनी निवड चाचणीत मागच्या धावपटूचे स्पाइक्स तुमच्या टाचेवर पडले आणि टाचेमागची शीर तुटली. ती सांधली, पण पूर्वीचा वेग परत आला नाही. त्यानंतर तुम्ही जर्मनीत पेसमेकर झालात. दुसऱ्यांना वेग लावून द्यायचा आणि पहिली फेरी संपली की बाजूला व्हायचं. "घरी कळवायचो, मी सगळ्यांच्या पुढे होतो. खोटं नव्हतं ते," म्हणून तुम्ही हसलात. बाबा हसले नाहीत.

मी पंधरा वर्षांची होते. राज्य स्पर्धेला दहा दिवस उरले होते, ऊन मी म्हणत होतं. तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि घड्याळ खिशात टाकलंत. "आजचं पुरे. घरी जा." मी अजून दोन फेऱ्या मागितल्या तेव्हा पहिल्यांदाच ओरडलात, "ऐकू येतं ना? घरी!" तुम्ही गोदामातल्या तुमच्या नोकरीच्या पाळीवर गेलात. मी कोपऱ्यावरून परत फिरले आणि एकटीने धावत राहिले. किती फेऱ्या ते आठवत नाही. शुद्धीवर आले ती हॉस्पिटलात, आणि डॉक्टर बाबांना माझ्या मूत्रपिंडांबद्दल काहीतरी सांगत होते. बाबा माझ्याकडे वळले. "त्यांनीच पळायला लावलं ना तुला?" खरं सांगितलं तर बाबा माझं धावणं कायमचं बंद करतील, एवढंच मला कळत होतं. मी होकारार्थी मान हलवली.

मग क्लबाची बैठक. अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला आणि मी "या" म्हणाले, जर्मनमधला "हो", तो एवढासा शब्द. तुम्ही समोर बसला होतात. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, सगळं सांगाल. तुम्ही फक्त टोपी उचललीत. बाहेर सायकलींपाशी मी रडत उभी होते, तर म्हणालात, "मी तुला एकटी सोडून जायला नको होतं. आल्झो, म्हणजे तेवढी चूक माझी आहेच." आणि थोडं थांबून, "पाणी पीत जा."

तुमचं शिकवणं सुटलं, उरलं ते गोदाम. दुसऱ्या वर्षी मी राज्यात पहिली आले, तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनेच. पेपरात नव्या कोचचं नाव छापून आलं. त्यानंतर चार वर्षांनी तुम्ही कामावर असतानाच हृदय बंद पडून गेलात. अंत्यविधीला मी आले नाही. परीक्षा असल्याचं तुमच्या बहिणीला कळवलं. परीक्षा नव्हती.

बाबा आता नाहीत. आई माझ्याकडे राहते. परवा भाजी निवडताना एकदम म्हणाली, "त्या माणसाने तुझा जीवच घेतला असता गं." मी कोथिंबीर खुडत राहिले आणि म्हणाले, "हो, आई."

तुमच्या बहिणीचा घानातला, आक्राचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला इंग्रजी येतं, मलाही येतं. तरी मी हे मराठीत लिहिलंय, म्हणजे ते तिला वाचता येणार नाही. आईला मात्र येईल. ती खाली फिरायला गेली आहे, आणि ती वर यायच्या आत मी हे फाडून टाकणार आहे.