अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

४ मार्च
आज ताईच्या घरी, वरच्या खोलीत मुक्काम हलवला. ऑपरेशनला सात आठवडे झाले. खोली बारा बाय दहा, खिडकी पूर्वेला, भिंतींना नवा रंग. ताईनं लादी अशी घासलीय की तोंड दिसावं. तिचीच किडनी आता माझ्या पोटात, उजवीकडे खाली बसवली आहे. ताई तिला ‘माझी पोर’ म्हणते. आल्या आल्या मला दम भरला, की पोर तुझ्याकडे नांदायला पाठवलीय, छळलंस तर परत घेऊन जाईन. हसलो. टाके दुखले, तरी हसलो.

७ मार्च
मी वजनकाटे दुरुस्त करतो. कुणाकडे शिकलो नाही. पहिला काटा तेराव्या वर्षी खोलला. पस्तीस वर्षांत चुकीचा आकडा लिहिला नाही. म्हणून इथली मापंही तपासली. वजनकाटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता, सरळ केला. दोन थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरले, जुळले. लघवीच्या भांड्यावरच्या रेघा बरोबर. काल दोन हजार शंभर मिली. रोज सकाळी हा आकडा चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायचा. मग ताई खाली जाऊन भाऊजींना वाचून दाखवते, पोरीचं पत्र आलं म्हणून.

१५ मार्च
डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पुन्हा समजावलं. अंगातले पहारेकरी परक्या किडनीवर तुटून पडतात, म्हणून गोळ्या त्यांना झोपवून ठेवतात. अशात करोना झाला तर ताप येईलच असं नाही. नुसता खोकला आला तरी फोन करा, असं दोनदा बजावलं. लिहून घेतलं.

१९ मार्च
सराफ आला होता. ताईनं त्याला दोनदा जिन्यातूनच परतवलं होतं, की दुकान बंद आहे आणि माणूसही बंद आहे. आज ती बाजारात गेलेली. त्याचा नाजूक तराजू तिघांनी खोलून बिघडवलेला. राहवलं नाही, वर बोलावलं. चष्म्यावर वाफ धरत होती, काट्याचं टोक दिसेना, म्हणून मास्क हनुवटीखाली ओढला. त्यानंही ओढला. वीस मिनिटं डोक्याला डोकं लावून बसलो. आता केस ठेवला तरी झुकतो. असा हात दुसरा नाही, म्हणाला.

२४ मार्च
कोरडा खोकला. ९८.४.

२६ मार्च
बसल्या जागी दमतो. चार जिने चढून आल्यासारखं. फोन करावा का? दुसरा थर्मामीटर लावला. ९८.४. मी स्वतः जुळवलेली मापं आहेत. ताप नाही म्हणजे नाही.

२९ मार्च
ताईनं खालून खोकला ऐकला आणि परस्पर फोन लावला. तपासणीत दोन रेघा, करोनाच. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन ९१ दाखवतंय. थर्मामीटर अजून ९८.४ वरच. तो खरंच सांगत होता. मी त्याला नको ते विचारत होतो.

३१ मार्च
हॉस्पिटलात खाट नाही. रिकामी झाली की गाडी येईल. एक गोळी थांबवली, पहारेकऱ्यांना उठवायलाच हवं म्हणे. उठल्यावर ते कुणावर जातील, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा आकडा विचारला.
आज १३००. चिठ्ठी दिली. ताई वाचायला खाली गेली नाही. जिन्यातच बसली.

२ एप्रिल
ताप आला. १०१. उठले ते.
७००. भांड्यात पाणी ओतून, तोलून पाहिलं. रेघा बरोबर आहेत. चिठ्ठी दिली नाही.

३ एप्रिल
२५०. उजवीकडे ठणका. हात ठेवला तर — नको.
ताईला सांगितलं, झोपलोय.

४ एप्रिल
डॉक्टरीणबाईंना फोनवर खरं ते सांगितलं. गाडी निघालीय. भांडं उजेडात धरलं. तळ कोरडा —
ताई दाराबाहेर बसलीय. विचारतेय, तीन दिवस पोरीचं पत्र नाही, रुसली का माझ्यावर. आवाज हसरा ठेवतेय, पण —
पस्तीस वर्षांत कधी नाही. चिठ्ठी घेतली. आकडा सुबक यायला हवा, ती माझं अक्षर ओळख —
दोन हजार शं