राक्षसाचं वजन

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला तर उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी कळवलं, की डॉक्टरांनी तुम्हाला गप्प बसून राहायला सांगितलंय आणि त्यातलं बसून राहणं तुम्ही पाळताय. ऐकून बरं वाटलं.

मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण गेले दोन-तीन रविवार माझ्या राक्षसाची यथेच्छ धुलाई चालली होती. तुम्हाला ठाऊकच आहे (नसेल, या विषयाला तुम्ही कान देत नाही), की दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दातांचे कागद लावून झाले की मी राक्षस, चेटकिणी, पंखवाले घोडे असली मंडळी काढत बसतो. आम्हा सहा-सात चित्रकारांचा छापखान्याच्या माळ्यावर अड्डा आहे. आपलं चित्र भिंतीवर टाचायचं, तोंड बंद ठेवायचं आणि बाकीच्यांना बोलू द्यायचं, असा तिथला नियम. यंदा त्यातलं एक चित्र छापखान्याच्या परीकथांच्या पुस्तकावर मुखपृष्ठ म्हणून जाणार होतं. ते माझंच असावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं.

पहिल्या रविवारी वैद्यकीय पुस्तकांसाठी हाडं काढणारे गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, की हा पंख नेमका कुठल्या हाडातून निघालाय (अहो, राक्षस आहे तो! पण तोंड बंद). दुकानांच्या पाट्या रंगवणारे अण्णा कुठलंही चित्र लांबून बघतात. ते जिना उतरून थेट रस्त्यावर गेले आणि खिडकीतून बघून ओरडले, की छत्री झकास आलीय. शेवटी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, पण याला वजन नाही."

एवढंच ना! मी आठवडाभर त्याला पोसला. पोट सोडलं, दंड फुगवले, हनुवट्या दोन दिल्या. पुढच्या रविवारी बाई बघतच राहिल्या. "अरे, लठ्ठ नाही रे, वजन! तो जमिनीवर उभा आहे असं वाटायला नको? हा तर नुसता फुगा झालाय." सगळा माळा खदाखदा हसला. अण्णा तर उतरता उतरता जिन्यातच बसले. खरं सांगतो मामा, त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्या पेन्सिली कचऱ्यात टाकल्या (परत काढल्या, पण टाकल्या होत्या).

मग विचार केला, की आपल्या ओळखीत पाय रोवून उभं राहणारं आहे कोण? आणि एकदम तुम्ही दिसलात. लहानपणी मी न्हाणीघरात जरा रेंगाळलो की दाराच्या फटीतून दिसायचात तसे : टॉवेल खांद्यावर, एक पाय पुढे, सगळा भार मागच्या टाचेवर, मान खाली आणि तोंडातून अवाक्षर नाही. टॉवेलच्या जागी पंख टाकले, बाकी एक रेघ बदलली नाही. परवा चित्र टाचलं, तर अण्णा जिना उतरायचंच विसरले. हाडवाल्यांनीसुद्धा पंखाचा विषय काढला नाही. बाई हळूच म्हणाल्या, "याच्या समोरून मी तरी जाणार नाही बाई." मुखपृष्ठ माझं ठरलं!

तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका)
भाचा

ता.क. मंडळींनी एक अट घातली आहे. ज्याच्यावरून राक्षस काढला, त्याला येत्या रविवारी माळ्यावर हजर करायचं, म्हणजे सगळ्यांना रेखाटनं करता येतील. तेव्हा यावं. जिना चढताना अण्णा हाताला धरतील. चेहरा मुद्दाम करू नका, नेहमीचा चालेल.

ता.क. २ : मामींना चित्र फोनवर पाठवलंय आणि तुम्हाला दाखवू नका म्हणून बजावलंय. त्यांनी लगेच ओळखलं. पंख तेवढे कुठून आणलेस, असं विचारत होत्या.

ता.क. ३ : अटबिट कुणी घातलेली नाही. अकरा वर्षं मी चित्रं काढतोय आणि अकरा वर्षं तुम्ही "असल्यानं काय होणार" म्हणताय, तेही वर्तमानपत्रातून मान वर न करता. मला वाईट वाटतं मामा. रविवारी या. भिकार म्हणालात तरी चालेल, पण बघून म्हणा.