अकरा महिन्यांचा कागद

मखमलाबाद, नाशिक
४ फेब्रुवारी २००१

चि. भिमाजीस,
तुझ्या अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सारं ठीक. गुलाब लय फुललाय, तोडून तोडून बोटांची चाळण झाली.

तू कोर्टाची पायरी चढलेला, म्हणून विचारते. तुझे भाऊजी गेल्यावर मी वरच्या दोन खोल्या महेश आणि सायली या नवराबायकोला भाड्याने दिल्या. त्यांचा अकरा महिन्यांचा कागद अठ्ठावीसला संपतो. शेजारच्या यशोदाबाई म्हणतात, बारावा महिना लागला की घर भाडेकरूचं होतं. सायलीला आठवा सरत आलाय. तिला आई नाय, म्हणून बाळंतपण इथेच. अशा पोरीला बाहेर काढू कशी? आणि नाय काढली, तर म्हातारपणी मी जाऊ कुठे? डोकं चालेना. लवकर कळव.

तुझीच,
मालनअक्का

पिंपळगाव बसवंत
११ फेब्रुवारी २००१

ती. अक्कास,
भिमाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. कोर्टात मी नुसता साक्षीदार होतो, पण ऐकून ऐकून कायदा कळतोच. यशोदाबाईंचं खरं आहे. तरी घाबरू नकोस, त्यावर तोड आहे. मुदत संपली की भाडेकरूने सामानासकट एक दिवस बाहेर राहायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद करून परत यायचं. इथे सगळे असंच करतात. एक तारखेला सकाळी आमच्या गावातल्या यादवचा टेम्पो पाठवतो. मन घट्ट कर.

तुझ्या मायेतला,
भिमाजी

मखमलाबाद
५ मार्च २००१

चि. भिमाजीस,
आशीर्वाद. तुझ्या युक्तीने काय झालं ते वाच. टेम्पोत सामान चढलं आणि यादवने विचारलं की न्यायचं कुठे. ते कुणी ठरवलंच नव्हतं! सायली जिन्याच्या पायरीवर बसली होती. उद्या खोल्या नक्की परत मिळतील ना, असं तिने हळूच विचारलं. मी हो म्हणाले, पण माझाच आवाज मला खोटा वाटला. तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या. त्याच टेम्पोत गादी उलगडून दवाखाना गाठला. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आली, पण दोघी सुखरूप.

दवाखान्यात पत्ता विचारला, तर महेश माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याला घरच नव्हतं रे! मी माझा पत्ता सांगितला. मग माझं नातं विचारलं. घरमालकीण म्हणावं, तर कागद संपलेला. शेवटी आजी म्हणून सांगितलं.

काल त्यांना घरी आणलं. ओली बाळंतीण जिना कशी चढेल, म्हणून खाली माझ्याच खोलीत ठेवलीय. सामान वर गेलं, माणसं खाली. नवा कागद अजून नाय. आता घर कुणाचं झालं? या वेळी नीट विचारून कळव.

मालनअक्का

पिंपळगाव बसवंत
१२ मार्च २००१

ती. अक्कास,
नमस्कार. कान पकडतो. निफाडच्या नोंदणी कचेरीत जाऊन आलो. तिथले साहेब म्हणाले, एक दिवस बाहेर राहण्याचं कायद्यात कुठेच नाही, आणि मुदत संपली म्हणून घर भाडेकरूचं होत नाही. मात्र गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याप्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की कितीचाही, तो लेखी हवा आणि नोंदवायलाच हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि भांडण झालं, तर अटींबद्दल आधी भाडेकरूचंच म्हणणं धरतात. म्हणजे पहिला कागद न नोंदवण्याची चूक तुझी, आणि सायलीला टेम्पोत बसवण्याची माझी. तिची माझ्या वतीने माफी माग. मला तोंड दाखवायची लाज वाटते.

तुझा वेडा भाऊ,
भिमाजी

मखमलाबाद
२ एप्रिल २००१

चि. भिमाजीस,
आशीर्वाद. करार नोंदवला. दोन महिने आधी सांगितल्याशिवाय घर रिकामं करायला लावायचं नाय, एवढी एक अट महेशने घालायला लावली. मी मान खाली घालून सही केली. कारकुनाने मोठ्याने वाचून दाखवलं की वरच्या दोन खोल्या महेशच्या ताब्यात, खालचं घर मालनबाईंच्या.

पण पोर माझ्याच खोलीत शांत झोपते. सायलीला सव्वा महिना जिना नको. महेशही पाणी तापवायला खालीच. जागा पुरेना, म्हणून मी माझं अंथरूण वर नेलं. काल गोधडी आणायला खाली गेले, तर माझ्याच दारावर टकटक करून उभी राहिले. आतून सायली म्हणाली की या ना, घर तुमचंच आहे.

तर कागदाप्रमाणे सध्या मी त्याच्या घरात राहते की तो माझ्या? साहेबांना विचारून ये. सावकाश गेलास तरी चालेल. त्याआधी पोरीला बघून जा.

तुझी वाट बघणारी,
मालनअक्का