माइकवरचा जोडीदार

टॅम्पिनीस, सिंगापूर
ऑक्टोबर २०१८

प्रिय चारू,

एवढं लांब पत्र पाहून तू आधी शेवटचं पान उलटशील. तुझी सवयच ती, निकाल आधी आणि खेळ मागून. या वेळी तसं करू नकोस. क्रमाने वाच.

आमचा नातू क्षितिज, निशिकांतचा मुलगा, इथल्या विद्यापीठात शिकतो आणि कॉलेजांच्या सामन्यांचं समालोचन करतो, इंटरनेटवरून थेट. खेळ फ्लोअरबॉल. छपराखाली भोकाभोकांच्या चेंडूने खेळायची हॉकी समज. मला त्यातलं काही कळत नाही, तरी प्रत्येक सामन्याला टीव्हीपुढे बसतो, त्याच्या आवाजासाठी. वर चढताना तो आवाज अगदी माझ्यासारखा फाटतो. लहानपणी त्याला मी आपल्या सांगलीच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या गोष्टी सांगायचो. बांबूच्या मचाणावर आपण दोघं, मध्ये एक माइक. मी चढाईचं वर्णन भुजंगप्रयातात बसवायचो, ‘निघाला निघाला गडी हा निघाला’, आणि फारच वाहवलो की तू टेबलाखाली माझा गुडघा दाबायचास. पुरे, आता गुण सांग. मध्यंतरी क्षितिजने इंग्रजी समालोचनाच्या मधोमध ती ओळ ठोकून दिली. मी म्हटलं, अरे, लोकांना कळणार कसं? तर इथल्या पोरांच्या बोलीत म्हणतो, “चिल लाह, आजोबा. ऱ्हिदम कळतो ना.”

त्याच्या शेजारी अनिश असतो. पुण्याचा मुलगा, इथे पीएचडी करतोय. आकडे त्याच्याकडे, रंगत आमच्याकडे. एकदा क्षितिजने मला विचारलं, पार्टनरला मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं, जोडीदार. तुझी ओळख मी आयुष्यभर तशीच करून देत आलो. त्यानेही शब्द उचलला, ‘माझा जोडीदार अनिश’, आणि विभा, आमची सूनबाई, त्या जोडीदारासाठी दर वेळी जास्तीच्या दोन पोळ्या बांधून देत राहिली. फार सोयीचा शब्द आहे रे हा. ऐकणाऱ्याला हवा तेवढाच ऐकू येतो.

सप्टेंबरात तिकडे सुप्रीम कोर्टाचा ३७७ कलमाचा निकाल लागला. त्याच आठवड्यात इथे उपांत्य सामना होता आणि निशिकांत, विभा आणि मी, तिघंही टीव्हीवर पाहत बसलो होतो. सामना संपल्यावर क्षितिज माइकवरच म्हणाला, शेजारी बसलेल्या अनिशला त्याच्या देशाने या आठवड्यात गुन्हेगार म्हणणं थांबवलं, आणि अनिश माइक बंद झाल्यावरही माझा जोडीदार असतो. थेट प्रक्षेपण. खोडरबर नाही. निशिकांतने टीव्ही बंद केला. विभा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तेव्हापासून क्षितिज घरी आलेला नाही. दिवाळीला ये, पण एकटा, असं निशिकांतने कळवलं. येऊ तर दोघं, नाहीतर कुणीच नाही, असं उत्तर आलं. निशिकांत दुष्ट नाही, चारू, घाबरलेला आहे. म्हणतो, “कायदा तिकडे बदललाय, बाबा. आपण इकडे राहतो.” खरंच आहे ते. इथला कायदा आहे तिथेच आहे. वर्षातून एकदा अशा जोड्यांच्या पाठिंब्यासाठी एका बागेत माणसं गुलाबी कपडे घालून जमतात, पण आता परदेशी माणसाला तिथेही मज्जाव. म्हणजे क्षितिज आत आणि अनिश कुंपणाबाहेर.

मी वर्गात विरहाच्या कविता शिकवायचो तेव्हा पोरं कुजबुजायची, सर रडतायत. मी म्हणायचो, खडूची पूड गेली डोळ्यात. तुला तो अंतिम सामना आठवतो? मी वाहवलो नव्हतो, गुणही बरोबर सांगत होतो, तरी तुझा हात गुडघ्यावर होता. लोक उठून गेले, हात तिथेच. मग तुझ्या खोलीवरची ती दोन वर्षं. मग माझं लग्न ठरलं. तू आलास, अक्षता टाकल्यास, पंगतीत आग्रहाने वाढलंस, आणि त्यानंतर आपण त्या दिवसांबद्दल एक अक्षर बोललो नाही. मधुमतीशी मी सुखाने नांदलो, हेही खोटं नाही.

गेल्या रविवारी चहाच्या वेळी निशिकांत म्हणाला, क्षितिजचं हे वयाचं खूळ आहे, उतरेल. मला ते ‘उतरेल’ सहन झालं नाही. म्हटलं, “नाही उतरत. चारुकाका माझा नुसता मित्र नव्हता.” त्याला वाटलं, मी कसलं तरी नातं उलगडतोय. म्हणाला, मग काय, मावसभाऊ? विभाला आधी कळलं. तिने गॅस बंद केला. निशिकांतने विचारलं, “आईला माहीत होतं?” मी म्हटलं, “तिने कधी विचारलं नाही. पण तुला चारुकाका म्हणायला तिनेच शिकवलं.”

म्हणून हे पत्र. कुरियरने धाडतोय, कारण फोनवर मला हे बोलवणार नाही. तुझं नाव मी तुला न विचारता घेतलं. तू पुतण्याच्या घरात राहतोस, अख्खी गल्ली तुला सर म्हणते, या वयात हे तुझ्या दारात यायला नको होतं. निशिकांत दर दिवाळीला तुला फोन करतो. या वेळी दिवाळीच्या आधीच करील आणि विचारील, बाबा म्हणतात ते खरं का. कमलाकरला भ्रम झालाय, असं तू म्हणालास तरी मी रागावणार नाही. निशिकांतला हवं ते उत्तर मिळेल, आणि ती दोन पोरं दिवाळीला हॉस्टेलवर बसतील. हो म्हणालास, तर ज्याच्या खांद्यावर बसून निशिकांत लहानपणी जत्रा हिंडला, तोच माणूस त्याला हे सांगत असेल. काय बोलायचं ते मी सांगत नाही. फक्त फोन वाजला की तू स्वतः उचल, पुतण्याला उचलू देऊ नकोस.

आजवर सवयीने लिहायचो, आज अर्थासकट,

तुझाच
कमलाकर