सान ब्लासच्या सणात सांडलेलं पाणी

ब्वेनोस आयरेस, ४ मार्च १९९६

चि. क्रेसेन्सियो यास नेमेसियाचे अ. आ.

तुझं पत्र नाही म्हणून तुझ्या शेजारच्या प्लासिदाबाईला फोन केला, आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पाय सुजून चपला चढत नाहीत, झोपायचं तर खुर्चीत बसूनच, आणि हार्पच्या तारांना म्हणे तू हातही लावत नाहीस. डॉक्टरांनी हृदयासाठी दोन गोळ्या दिल्यात, त्यातली लघवीची घेतोस ना? पाणी मोजकंच पितोस ना? मला तर सूनबाईचा संशय आहे. ओदिलियाच्या हातच्या चिपा, चीजचे ते पाव, खाल्ले तेव्हा समुद्र प्यायल्यासारखं झालं होतं. तिला समज देऊ का? खरं ते लिही. लपवाछपवी केलीस तर बस धरून येईन आणि कान पिरगाळीन, वय विचारणार नाही.

तुझ्या काळजीत असलेली,
ताई

इता, १५ मार्च

ती. ताईस क्रेसेन्सियोचा शि. सा. न. वि. वि.

प्लासिदाबाई राईचा पर्वत करते हे तुला ठाऊक आहेच. गोळ्या वेळच्या वेळी घेतो. पाणी दिवसाला कपभरही होत नाही. सकाळ-संध्याकाळ आंब्याखाली मंडळी जमतात तेव्हा पाल्यावर बर्फाचं पाणी ओतून तेरेरे होतो तेवढाच. पण तेरेरे म्हणजे काही पाणी नव्हे, आणि पुढे आलेला पेला परतवला तर लोक काय म्हणतील? हार्पचं म्हणशील तर बोटं आखडलीत. मिठाचं तू म्हणतेस त्यात तथ्य असेल. ओदिलियाला कशाचं भान नसतं. सान ब्लास संताच्या सणात तेरेरेच्या पाण्याचा भरला जग तिने माझ्या अंगावर सांडला, सगळ्या गावाने पाहिलं.

लोभ आहेच, तो वाढत राहो.
तुझा क्रेसेन्सियो

ब्वेनोस आयरेस, २९ मार्च

चि. क्रेसेन्सियोस अ. आ.

तुझ्या शब्दावर विसंबून मी ओदिलियाला फोनवर नको नको ते बोलले. नवऱ्याच्या बापाला मिठाने मारतेस, इथवर बोलले. ती फक्त "हो आत्या" म्हणत राहिली. आता कळलं की ती बोचकं बांधून आईकडे याग्वारोनला गेली. इथल्या औषधवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला की बाई, तुम्हा लोकांचा तेरेरे पोटात गेला की त्याचं पाणीच होतं. आणि एवढी सूज नुसत्या मिठाने येत नाही, गोळी बंद केली की येते. गोळी घेतोस की नाही, एका शब्दात कळव. मला माझीच लाज वाटू लागली आहे.

आशीर्वाद आहेतच, पण आज रागासकट.
ताई

इता, ९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नाही.

तोंड दाखवावं लागत नाही म्हणून लिहू शकतो. सणाच्या दिवशी लघवीची गोळी घेऊन हार्प वाजवायला बसलो. मिरवणुकीतली संताची मूर्ती समोर आणून थांबवलेली, धून अर्ध्यात टाकून कोण उठतं? धरलं, धरलं, आणि मग धरवलं नाही. विजार पांढरी होती. ते एकट्या ओदिलियाच्या लक्षात आलं. ती तेरेरेचा जग घेऊन लगबगीने आली, ठेच लागल्यासारखं केलं आणि बर्फाचं सगळं पाणी माझ्या मांडीवर ओतलं. लोक तिला हसले. मीही तिला चारचौघांत आंधळी म्हणालो, कारण तेव्हा तेच सोपं होतं. त्यानंतर ती गोळी रोज परसात फेकतो. लोकांत बसता यावं म्हणून गोळी सोडली, आणि आता दम लागतो म्हणून लोकांत बसवत नाही. तुझ्या पत्रात मीठ आलं, तर तेही तिच्याच माथी मारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय, ताई.

रविवारी याग्वारोनला गेलो. बसथांब्यापासून तिच्या आईचं घर जवळच, तरी वाटेत दोनदा बसावं लागलं. अंगणात सगळे तेरेरेला बसले होते. पेला माझ्यापर्यंत आला, तो मी परत केला आणि म्हणालो, "त्या दिवशी जग सांडायच्या आधीच मी भिजलो होतो. या पोरीने माझी अब्रू झाकली, आणि मी तिची घालवली."

ओदिलिया मान खाली घालून म्हणाली, "आजारात बाबांना काहीबाही वाटतं. जग माझ्याच हातून सांडला."

सगळ्यांनी तिचंच खरं धरलं. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या खिशातली पुडी काढून गोळी हातावर ठेवली, घोटभर पाणी दिलं, आणि संडास कुठे आहे ते कुणाला कळू न देता डोळ्यांनीच दाखवलं.

आधी तिला पत्र लिही. त्यातून उरलाच तर थोडा लोभ माझ्यासाठी ठेव.

तुझा,
क्रेसेन्सियो